कांद्याचं बी आणि एक पावसाळा



मृग जवळ आला की घरोघरी फळीवरचे डबे खाली उतरतात. गेल्या सालचं उरलेलं बी पुरचुंड्यांतून बाहेर येतं आणि प्रश्न पडतो, हे उगवेल का? कवितेच्या माणसाने बियाण्यावर बोलावं याचं नवल वाटेल कुणाला. पण परसातले चार वेल आणि दोन वाफे मीही सांभाळतो.

वाळलेलं बी आपल्याला खड्यासारखं निर्जीव वाटतं. आतला अंकुर मात्र जिवंत असतो. फार मंद श्वास घेत, बरोबरची शिदोरी पुरवून खात असतो. ऊब आणि दमटपणा वाढला की त्याची झीज वाढते. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे : बियातला ओलावा १ टक्क्याने उतरवला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवलं तरी दुप्पट.

पण प्रत्येक बियाचं आयुष्य निराळं. कोरड्या, थंड जागी काकडीचं बी ५ वर्षं, टोमॅटो, वांगी, कोबी, भोपळ्याचं ४ वर्षं टिकतं. गाजराचं ३ धरा. भेंडी, मिरचीचं २. आणि कांद्याचं? जेमतेम एक वर्ष! नाशिककडे ज्याला उळे म्हणतात, ते हे काळं बी. उन्हाळ्यात गोंड्यांतून झाडलेलं उळे त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात रब्बीच्या रोपासाठी टाकलं तर ठीक. तेच कापडी पिशवीत आणखी एक पावसाळा राहिलं, की भरवसा संपला. कोकणातल्या दमट हवेत तर विचारायलाच नको.

इथे नुकसान नुसतं बियाच्या पैशांचं होत नाही. वाफा टाकायचा, दहा-बारा दिवस वाट पाहायची, मग कळायचं की उगवण विरळ आहे. पुन्हा बी शोधा, पुन्हा टाका. रोप लागवडीला यायला सहा-आठ आठवडे लागतात. लागण लांबली की कांदा पोसायच्या वेळी ऊन तापतं आणि फळ बारीक राहतं. वर्षाचा हिशेब तिथेच बिघडतो.

म्हणून आधी परीक्षा घ्यावी. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर किंवा वर्तमानपत्राच्या ओल्या घडीवर ओळीने मांडा, गुंडाळा, सावलीत ठेवा, ओल राखा. कांद्याला बारा दिवस द्या, टोमॅटो, मिरचीला चौदा. मग मोड मोजा. प्रमाणित बियाण्याला कांदा, टोमॅटो, वांग्यासाठी किमान ७० टक्के उगवण लागते, भेंडीला ६५, मिरचीला ६०. घरच्या बियाचे चाळीसच उगवले तर दाट पेरून भागवू, असं मनात येतं. मला ते पटत नाही. म्हाताऱ्या बियातून जे उगवतं तेही अशक्तच असतं. विकतच्या पाकिटावरची चाचणीची तारीखही वाचावी. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून ९ महिने असते.

आमची अम्मी दोडक्याचं, कारल्याचं बी चुलीच्या राखेत घोळून मडक्यात ठेवायची आणि तोंडाला फडकं बांधायची. राखेने कीड दूर राहते, थोडी ओलही ओढली जाते. फडक्यातून मात्र पावसाळी हवा आत शिरतेच. त्याऐवजी सावलीत खडखडीत वाळवलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी आत टाका, वर नाव आणि साल लिहा. फ्रिज असेल तर बाटली खालच्या कप्प्यात ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. गार बियावर हवेतलं पाणी दव धरल्यासारखं जमतं. बाटली रात्रभर बाहेर राहू द्या, सकाळी झाकण काढा.