रस्ता कलतो कशासाठी?



मी काही इंजिनिअर नव्हे. कॉलेजात शिकवणारा मास्तर. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या काळेवाडीतला एक विद्यार्थी वळणावर मोटारसायकलवरून घसरला, पाय मोडून घेऊन बसला. तेव्हापासून मी रस्त्याकडे जरा निरखून पाहू लागलो.

सरळ रस्ता दिसतो सपाट, पण तो तसा नसतो. त्याची पाठ मधोमध किंचित उंच असते. डांबरी रस्त्याला हा उतार साधारण शेकडा २ ठेवतात. म्हणजे ७ मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा ७ सेंटिमीटर उंच. तेवढ्यावर पाणी दोन्ही बाजूंच्या गटारांकडे निघून जाते. याला कॅम्बर म्हणतात.

वळणावर मात्र बेत बदलतो. सायकलवाला वळताना आतल्या अंगाला कलतो, हे आपण पाहिलेच असेल. मोटारीला तसे कलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने रस्ताच कलतो. त्याची बाहेरची कड उचलून घेतात. २०० मीटर त्रिज्येच्या वळणावर, ताशी ५० किलोमीटर वेगासाठी, इंडियन रोड्स काँग्रेसच्या रीतीने हा कल शेकडा साडेपाच येतो. ७ मीटर रुंदीत बाहेरची कड सुमारे ३९ सेंटिमीटर वर!

मग आणखी का कलवू नये? कारण त्याच वळणावरून उसाची बैलगाडी जाते, चाकणचा भरलेला कंटेनरही रेंगाळत जातो. कल फार झाला तर ती संथ वाहने आतल्या अंगाला कलंडतील. म्हणून सपाट मुलखात शेकडा ७ ही मर्यादा. हिशेबात वेगही पाऊणच धरतात. उरलेला भार टायर आणि रस्ता यांच्या घर्षणावर सोडलेला असतो.

आणि इथेच खरी गोम आहे. वळणावर सगळे पाणी एकट्या आतल्या गटाराकडे धावते. ते गाळाने तुंबले, की पाणी आणि चिखल आतल्या कडेला साचतात आणि ज्या घर्षणावर भिस्त ठेवली, तेच नाहीसे होते. आमचा विद्यार्थी घसरला तो तिथेच. त्यात वेग दुप्पट केला, की बाहेर लोटणारा जोर चौपट होतो.

तेव्हा मंडळी, मृगाआधी वळणाचे आतले गटार साफ झाले की नाही, ते जरूर पाहा. आणि वळणावर वेग आवरा. रस्ता आपल्यासाठी कलला आहे खरा, पण त्याने हिशेब केला आहे तो ठराविक वेगाचाच.