खेळातला डोंगर आणि पायाखालचा डोंगर



भंडाऱ्याच्या सभेत डोंगरावर बोलायला उभे राहणे हे धाडसच आहे. आमचा जिल्हा वैनगंगेचा, धानाच्या बांध्यांचा आणि कोहळी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांचा. येथला माणूस उंच चढतो तो फार तर तलावाच्या पाळीवर, आणि तेथून सूर्यास्त पाहून जेवणाच्या वेळेला घरी परततो. अशा गावात 'दुर्गम डोंगर कसा चढावा' हा विषय आम्ही घेतला, तेव्हा व्यवस्थापकांनी आम्हांला दोनदा विचारले, की विषय हाच ना? हाच आहे. आणि त्याचे मूळ एका खेळात आहे, हेही आरंभीच कबूल करतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमची भाचरे घरी आली होती. एका दुपारी पाहतो तो चौघे जण सतरंजीवर कागद पसरून बसलेली, मध्ये वीस पैलूंचा एक विलक्षण फासा, आणि वादावादी चाललेली, "दोर किती हात घ्यायचा?" आम्हांला वाटले, कोणाच्या विहिरीत बादली पडली असावी! चौकशी करता कळले, की हा एक कल्पनेचा खेळ आहे. एक जण सूत्रधार होतो. तो एक भयंकर डोंगर वर्णन करतो. त्यावर बर्फ आहे, दरडी आहेत, गुहेत राक्षस आहे. उरलेले प्रवासी होतात. कोणी योद्धा, कोणी वैदू, कोणी वाटाड्या. काय करायचे ते त्यांनी बोलून सांगायचे आणि जेथे यशाची खात्री नाही तेथे फासा टाकायचा. या जातीचा पहिला छापील खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. आता त्याची पिल्ले जगभर पसरली आहेत, आणि त्यांतले एक आमच्या सतरंजीवर येऊन बसले होते.

आम्ही कुतूहलाने जवळ बसलो. दोन तास झाले तरी मंडळी डोंगराच्या पायथ्याशीच! शिदोरी किती दिवसांची, दिव्याला तेल किती, कांबळी किती, प्रत्येकाच्या पाठीवर वजन किती, याचा हिशेब चालला होता. वजन ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की चाल मंदावते, असा नियमच आहे. धाकट्याला तलवारी दोन हव्या होत्या. मोठी भाची त्याला म्हणाली, "एक तलवार ठेव आणि त्याजागी पाणी घे. राक्षस भेटेल की नाही ठाऊक नाही, तहान नक्की भेटेल." हे वाक्य ऐकून आम्ही थोडे गंभीर झालो. का, ते पुढे सांगतो.

श्रोतेहो, खेळातून चढण चढण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. मोक्षपट आपल्या आजीपणजींनी खेळलेला आहे. ज्ञानदेवांनी भावंडांच्या मनोरंजनासाठी तो रचला, अशी परंपरा सांगते. खाली जन्म, वर मोक्ष. मध्ये सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ विलायतेला पोचला, आणि साप व शिड्या होऊन परत आला. पण त्या पटात आणि या नव्या खेळात एक भेद आहे. मोक्षपटात दान पडेल तसे जायचे. शिडी आली तर चढा, साप आला तर उतरा. खेळणाराला तयारी अशी काही करता येत नाही. नव्या खेळातही फासा आहेच, पण फासा हातात घेण्यापूर्वी केलेल्या कामावर पुष्कळसे अवलंबून आहे. दोर जवळ असेल तर पाय घसरल्यावर माणूस लोंबकळतो, नसेल तर जातो. घसरणे दैवाधीन, दोर मात्र आपल्याधीन. शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको. पाऊस त्याच्या हाती नाही, पण पऱ्हे वेळेवर टाकलेले नसतील तर पाऊस येऊनही रोवणी कशाची करणार?

खऱ्या डोंगराचेही तसेच आहे. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाले, तेव्हा जगाला दोन नावे कळली, तेनसिंग आणि हिलरी. पण कर्नल जॉन हंट यांच्या त्या मोहिमेत साडेतीनशेहून अधिक हमाल होते आणि सामान होते सुमारे १०,००० पौंड. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एकतृतीयांशच असतो. म्हणून श्वाससुद्धा पाठीवर बांधून न्यावा लागला. त्यांच्या आधी तीन दिवस, २६ मे रोजी, बोर्डिलन आणि इव्हान्स ही पहिली जोडी दक्षिण शिखरापर्यंत पोचली होती. तेथून माथा अवघा शंभरेक मीटर. तोवर तेथे कोणी मानव पोचला नव्हता. पण दुपार झालेली, प्राणवायूच्या उपकरणाने त्रास दिलेला, आणि पुढे गेले तर परतीपुरता प्राणवायू उरणार नाही, असा हिशेब. ते परत फिरले. वाटेत त्यांनी अर्धवट भरलेल्या दोन नळ्या मागे ठेवल्या. २९ तारखेला त्या हिलरी-तेनसिंग यांच्या उपयोगी पडल्या. परत फिरलेल्यांनी पोचणाऱ्यांसाठी ठेवलेला हा श्वास आम्हांला शिखरावरच्या निशाणाइतकाच मोलाचा वाटतो.

इतक्या दूर कशाला, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचे उदाहरण घ्या. २०१८ सालच्या मे महिन्यात तेथल्या आश्रमशाळांतील आदिवासी विद्यार्थी 'मिशन शौर्य' या मोहिमेतून एव्हरेस्टवर गेले. मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण शिखरावर पोचले. ज्या मुलांनी बर्फ केवळ चित्रात पाहिला, त्यांना आधी कातळावर, मग दार्जिलिंगला, मग लडाखच्या थंडीत असे पायरीपायरीने शिकवून मगच तिकडे नेले. शिखर एका सकाळी येते, त्यामागची तयारी अनेक महिन्यांची असते.

आणि आपल्या गावोगावचे महादेवाचे पोहे? पचमढीच्या चौरागडावर विदर्भातली मंडळी खांद्यावर त्रिशूल घेऊन हजारावर पायऱ्या चढतात. त्यांना गिर्यारोहक कोणी म्हणत नाही. पण त्यांची रीत पाहा. पुढे वाट ठाऊक असलेला जाणता, मागे म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांभाळणारा तरणा, शिदोरी सर्वांची एकत्र, आणि एक बसला की सगळा जथा बसतो. हे शास्त्र त्यांना पुस्तकाने शिकवले नाही, चुकून चुकून ते अंगी बाणले.

आता आमची चूक सांगतो.

तुमसर तालुक्यात अंबागड आहे. देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या वेळी, इ. स. १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंगासारखा उपयोग केला. तेथल्या विहिरीचे साचलेले पाणी पाजून कैद्यांना मारीत, अशी आख्यायिका आहे. तरुणपणी आम्ही चार मित्र भर मे महिन्यात सायकलींवरून तेथे गेलो. पुढारी अर्थातच आम्ही! चौघांत पाण्याची बाटली एक, निघालो तेव्हा दहा वाजून गेलेले. 'हा काय डोंगर आहे,' असे आम्हीच म्हटल्याचे स्मरते. निम्म्या वाटेवर एक मित्र म्हणाला, "डोके गरगरते आहे, परत जाऊ या." आम्ही हसलो. त्याच्या चालीची नक्कल केली. तो बिचारा लाजून पुढे चालत राहिला. दरवाजाशी पोचलो आणि तो खाली बसला तो उठेना. अंग तापलेले, घाम थांबलेला, बोलणे असंबद्ध. उन्हात श्रम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी घामावाटे जाऊ शकते, आणि घाम थांबला की प्राणावर बेतते, हे आम्हांला नंतर कळले. त्या क्षणी एवढेच कळत होते, की बाटली रिकामी आहे, आणि समोरच्या विहिरीत हिरवे पाणी आहे, ज्याची गोष्ट आम्हीच चढताना रंगवून सांगितली होती.

त्याला पाठीवर घेऊन उतरलो. एका गुराख्याने आपल्या जवळचे पाणी त्याच्या डोक्यावर, अंगावर ओतले आणि माणसे हाकारली. तीन दिवस तो दवाखान्यात होता. वाचला. त्याच्या आईने आम्हांला एक शब्द बोलून दाखवला नाही. चहा करून दिला. तो चहा आम्हांला अजून गिळत नाही. मित्र पुढे भेटत राहिला, पण आमच्याबरोबर पुन्हा कोठे आला नाही.

असो. त्या दुपारच्या खेळाकडे वळतो. मंडळी डोंगरावर बरीच वर गेली. शिखर वीस हातांवर, आणि दोर पुरेना. धाकटा म्हणाला, "फासा टाकू, पडेल दान." वैदू झालेल्या मुलाच्या अंगात त्राण उरले नव्हते. भाचीने सर्वांना एकेक करून विचारले. मग ती म्हणाली, "परत फिरू." मुलगे चिडले. धाकटा तर रडकुंडीला आला. त्याने आमच्याकडे दाद मागितली, "मामाजी, तुम्हीच सांगा, इतक्या जवळून कोणी परत येते का?" आमच्याने बोलवेना. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला सतरंजीवर बसून जे सुचले, ते आम्हांला अंबागडाच्या निम्म्या वाटेवर सुचले नव्हते.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, की खेळ तो खेळ. कागदावरच्या वजनाने खांदा दुखत नाही आणि शब्दांच्या उन्हाने घसा सुकत नाही. आक्षेप रास्त आहे. खेळात मेलेला योद्धा दुसऱ्या दिवशी नवे नाव घेऊन येतो. अंबागडावर दुसरा दिवस उगवलाच असता असे नाही. पण हाच खेळाचा उपकारही आहे. चुकीचा निर्णय घेऊन, त्याचे फळ पाहून, संध्याकाळी जिवंतपणी जेवायला बसता येणे ही केवढी सोय! खेळ तहान शिकवीत नाही, पण तहानेची आठवण ठेवायला शिकवतो. उरलेले खऱ्या डोंगराने शिकवावे.

म्हणून डिसेंबरात आम्ही त्या चौघांना अंबागडावर नेले. सामानाची यादी भाचीने केली. पाणी माणशी तीन लिटर, निघायचे उजाडता, आणि सर्वांत हळू चालणारा सर्वांच्या पुढे. हळू चालणारे आम्हीच निघालो! तेव्हा पुढारीपण पुन्हा आमच्याकडे आले, पण या वेळी निराळ्या कारणाने. दरवाजाशी बसून आम्ही मुलांना ती जुनी हकीकत सांगितली. कोणालाही सांगण्याची ती पहिलीच वेळ. धाकट्याने सगळे ऐकून घेतले आणि आपली बाटली निमूटपणे आमच्यापुढे सरकवली.

एवंच, डोंगर चढणाराने तीन गोष्टी पदरी बांधाव्यात. निघण्यापूर्वी मोजावे, वाटेत विचारावे, आणि कोणी 'परत जाऊ' म्हटले तर हसू नये. संसार, शेती, सार्वजनिक काम, कोठेही चढण लागली तरी याहून वेगळे काही आम्हांला सांगता येणार नाही. आमचा तो मित्र आज या सभेत नाही. हे व्याख्यान छापून निघाले की एक प्रत त्याला पाठवण्याचा आमचा विचार आहे. जे तोंडाने मागता आले नाही, ते निदान छापील अक्षरांनी मागावे.