खटका पुन्हा पुन्हा पडतो तेव्हा

श्रोतेहो, घरातल्या विजेच्या बोर्डावर एक जाडसा खटका असतो आणि त्यावर 'टी' अक्षराचे लहानसे बटण असते. कागदोपत्री त्याला आरसीसीबी म्हणतात. आपले वायरमन मात्र ईएलसीबी हे जुनेच नाव घेतात. पावसाळा लागला की या खटक्याची एकच तक्रार कानावर येते. वर केला की पडतो, वर केला की पडतो! मग कुणीतरी सुचवतो, "अहो, काढून टाका तो. वायर सरळ जोडून घ्या." मंडळी, हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. खटका का पडतो, हे शोधण्याचे निम्मे काम घरच्या माणसालाही करता येते. तेच आज सांगतो.

प्रथम हा खटका करतो काय, ते पाहू. फेजच्या तारेने वीज घरात येते आणि न्यूट्रलच्या तारेने परत जाते. जेवढी आली तेवढी परत गेली पाहिजे. खटक्याच्या पोटात या दोन्ही तारा एका लोहचुंबकी कड्यातून जातात. जमाखर्च जुळला, तर दोघींचा परिणाम एकमेकींना खोडतो. पण वाटेत कुठे वीज भिंतीत, नळात किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत झिरपली, की हिशेब चुकतो, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होतो आणि खटका पडतो. घरगुती खटका ३० मिलिअँपिअरच्या चुकीला पडतो. ६० वॅटच्या जुन्या दिव्याला लागते, त्याच्या सुमारे नवव्या हिश्श्याएवढी ही वीज. पण याहून थोडी अधिक वीज छातीतून वाहत राहिली, तर प्राण जाऊ शकतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी माणसाच्या देहाला किती वीज सोसते याचा अभ्यास केला आणि १९६१ साली असे एक रक्षक साधन तयार केले. तिकडे ते पुष्कळदा सॉकेटातच बसवलेले असते. आपल्याकडे ते बहुधा मुख्य बोर्डावर असते. म्हणून न्हाणीघरात वीज झिरपली, तरी साऱ्या घरात अंधार होतो आणि चोर कोणत्या खोलीत आहे ते कळत नाही.

नवी मुंबईचेच पाहा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या काठी हे शहर वसू लागले. खाडीची खारी, दमट हवा आणि वर चार महिने पाऊस. सॉकेटच्या पट्ट्या गंजतात, भिंतीत ओल धरते. शिवाय घणसोली, तुर्भे, दिवाळे अशा मूळच्या गावांत पुष्कळ घरांवर मजले चढले. अशा वाढत्या घरात जुन्या वायरीला नवी वायर जोडली जाते. नव्या खोलीचा फेज एका खटक्यावरून आणि न्यूट्रल दुसऱ्यावरून घेतला, तर वीज कुठेही न झिरपता खटका पडतो. हिशेबाच्या दोन वह्या एकमेकींत मिसळल्यासारखे होते!

आता शोध कसा घ्यावा? हात कोरडे ठेवा, पायात कोरडी चप्पल घाला. बोर्डातच पाणी शिरले असेल, तर त्याला हात लावू नका, वायरमनला बोलवा. तसे नसेल, तर आधी पडलेला खटका नीट पाहा. 'टी' बटणाचा पडला असेल तरच वीज झिरपते आहे असे समजा. शेजारचा लहान एमसीबी पडला असेल, तर भार जास्त झाला आहे किंवा तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

मग घरातले सगळे प्लग उपटा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आता खटका वर करा. टिकला, तर एकेक वस्तू लावून चालू करत जा. गिझर, पाण्याचा पंप, धुलाई यंत्र, फ्रीज. ज्या वस्तूला खटका पडेल, ती बाजूला काढा आणि दुरुस्त झाल्याशिवाय लावू नका. गिझरला प्लग नसेल, तर त्याचा वेगळा एमसीबी बंद ठेवून पाहा. कधी एकही वस्तू दोषी नसते. चार-पाच वस्तूंची थोडीथोडी गळती मिळून खटका पडतो.

सगळे प्लग काढूनही खटका टिकत नसेल, तर सारे एमसीबी खाली करा, मोठा खटका वर करा आणि मग एकेक एमसीबी चढवा. ज्याला खटका पडेल, त्या खोलीच्या वायरिंगमध्ये दोष आहे. सारे खाली असूनही पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागला आहे किंवा खटकाच बिघडला आहे. इथे आपले काम संपले आणि परवानाधारक वायरमनचे सुरू झाले.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा खटका सर्वशक्तिमान नाही. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर तो फसू शकतो. घराला अर्थिंग नसेल, तर गिझरच्या पत्र्यात वीज उतरलेली असूनही तो गप्प राहील आणि माणसाचा हात लागेल तेव्हाच पडेल. म्हणून तीन पिनांतली जाड पिन मोडून काम भागवू नका. महिन्यातून एकदा 'टी' बटण दाबा. खटका पडला नाही, तर तो बदला.

शिक्षक बंधुभगिनींनो, फळ्यावर एक कडे, दोन तारा आणि एक वेटोळे काढायला पाच मिनिटे पुरतात. मुलांना ते जरूर समजावून सांगा. घरी कुणी वायर सरळ जोडायला निघाला, तर त्याचा हात धरणारे एक तरी मूल त्या घरात असेल.