वचन ओठांवर

आज बोलू या पाठांतराबद्दल.

बायबलमधलं वचन तोंडपाठ करायचं…
एका वेळी एकच.
आणि मोठ्याने म्हणून.

पंडिता रमाबाई लहान होत्या.
आई त्यांना पहाटे उठवायची…
आणि संस्कृत श्लोक शिकवायची.
हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले.

पुढे त्या ख्रिस्ती झाल्या.
पाठांतरात मुरलेल्या या बाईने केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमात बायबल सोप्या मराठीत आणलं…
मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून.
साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून.
छापखान्यातही आश्रमातल्याच बायका राबल्या.
1922 साली रमाबाई गेल्या…
त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं.

पाठांतराची सोय तर बायबलमध्येच आहे, बरं का.
एकशे एकोणिसावं स्तोत्र फार लांबलचक.
पण मूळ हिब्रूत ते मुळाक्षरांच्या क्रमाने रचलंय.
पुढचं अक्षर आठवलं… की पुढच्या कडव्याचा धागा हाती लागतो.
मराठीत मात्र ही गंमत उतरत नाही!

भगिनींनो, तुम्ही तेविसाव्या स्तोत्रापासून सुरुवात करा.
मेंढपाळाचं स्तोत्र.
अवघी सहा वचनं.

भाकरी थापताना म्हणा.
बसची वाट बघताना म्हणा.
अडलात, तर पुस्तक उघडा.
नुसते शब्द घोकू नका… अर्थापाशी थांबा.
माझ्या मते, घाईने पाठ केलेल्या दहा वचनांपेक्षा मुरलेलं एक बरं.

तेव्हा, एका वेळी एकच वचन. मोठ्याने.
आज रात्री दिवा मालवण्याआधी पहिलं म्हणून बघा.