परण्याची घोडी

(महासंघाच्या वार्षिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. जसं बोलल्या, बहुतेक तसंच दिलं आहे.)



मला खरं तर वसुलीवर बोलायला सांगितलंय. पण मघाशी चहाच्या वेळी चार-पाच जणींनी एकच विचारलं, "ताई, त्या घोडीचं पुढं काय झालं?" म्हणून घोडीवरच बोलते. शेवटी ते वसुलीवरच येतं, काळजी करू नका.

गाव सांगत नाही. लोहा आणि अहमदपूर या दोन तालुक्यांच्या शिवेवरचं आहे एवढं पुरे. ज्या गटाची ही गोष्ट, त्या ताईंना विचारूनच बोलतेय.

त्या गटातल्या एका ताईंचे तीन हप्ते थकले होते. मी कर्जाची वही उघडली, तर कारणाच्या रकान्यात एकच शब्द, "घोडी". आपल्याकडं शेळी, म्हैस, शिलाई मशीन, पिठाची गिरणी असं लिहिलेलं असतं. घोडी मी पहिल्यांदाच वाचली. चौकशी केली तर कळलं, नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जायचे. लेकरांची शाळा मोडायची. म्हणून दोघांनी ठरवलं की एक घोडी घ्यायची, परण्याला भाड्यानं द्यायची आणि कोयता सोडायचा. गटाचे पस्तीस हजार घेतले, ताईंनी कानातलं मोडलं आणि माळेगावच्या जत्रेतून घोडी आणली. पहिला हंगाम बरा गेला. मे महिन्यात घोडी पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली. लंगड्या घोडीवर नवरदेव कोण बसवणार? भाडं बंद, हप्ते बंद. दिवाळी झाली तशी मुकादमाची उचल घेतली आणि दोघं पुन्हा फडावर गेले. घरी राहिली म्हातारी सासू आणि मागच्या अंगाला घोडी.

मी गेले तेव्हा येळवस होऊन आठ दिवस झाले होते. उन्हाचं गेले. सासूबाई ओसरीवर बसलेल्या. "कामून आलीस माय एवढ्या उन्हाचं?" म्हणाल्या. हप्त्याचं काढलं तर नुसतं मागं बोट दाखवलं.

बाभळीखाली घोडी उभी होती. उभी म्हणजे कशी, मान खाली, डोळ्यावर माशा, उठवायचं त्राण नाही. बरगड्या मोजता येत होत्या. खूर वाढून पुढं वळले होते, जुन्या जोड्यासारखे. पुढच्या पायाला नायलॉनचं दावं होतं, ते कातडीत रुतलं होतं आणि तिथं किडे पडले होते. शेजारी एक पाटी, तिच्यात शेवाळ धरलेलं चार बोटं पाणी. सासूबाईंना दिसतं कमी, कंबर वाकलेली. बोअरवरून त्या रोज एक कळशी आणून ओतायच्या. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. कळशीभर पाण्यावर ती कशी राहिली देव जाणे.

मला राग आला. मी एमएसडब्ल्यू केलंय, कायदा पाठ आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. जनावराला चारा-पाणी-आसरा न देणं हा त्यात गुन्हा आहे, सोडून देणं हाही गुन्हा आहे. संध्याकाळी गटाची बैठक बोलावली आणि म्हणाले, पोलिसात तक्रार देऊ. आमच्या गटाच्या सचिव, वयानं मोठ्या, त्यांनी शांतपणे विचारलं, "कोणावर? म्हातारीवर, का फडावर ऊस तोडतीय तिच्यावर?" मला उत्तर देता आलं नाही. आणि खरं सांगू का, त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात घोडीचं एक दिवसाचं पाणीही होत नाही. कायदा नको असं मी म्हणत नाही. मुद्दाम मारणारा, पैसा असून उपाशी ठेवणारा दिसला तर तक्रार द्यायलाच पाहिजे. पण त्या घरात कोणी वाईट माणूस नव्हता. त्या घरात माणूसच नव्हता.

मग ताईंना फोन लावला, फडावर. मी बोलत राहिले, त्या गप्प. शेवटी एवढंच विचारलं, "उठती का ती?" म्हटलं, उभी आहे. "मग बघा काय करता येतंय ते. तुमच्या हातात देते." दुसऱ्याच्या जनावराला हात लावायच्या आधी मालकाचं असं तोंडी तरी घ्या आणि चार जणींसमोर घ्या. आम्ही ते वहीत लिहून ठेवलं.

आता माझी चूक सांगते. ती लपवली तर या भाषणाला काही अर्थ नाही.

बैठक संपल्यावर आम्ही सगळ्या घोडीकडं गेलो. बायकांना दया आली. एकीनं भिजवलेली ज्वारी आणली, एकीनं गूळ, एकीनं उरलेल्या भाकरी. मी स्वतः पाटी धरून उभी होते. घोडी अशी तुटून पडली की आमच्यातल्या दोघींच्या डोळ्याला पाणी आलं. खूप चांगलं काम केल्यासारखं वाटलं आणि मी शेवटच्या गाडीनं घरी गेले.

रात्री साडेअकराला पशुसखीचा फोन. घोडी खाली पडलीय, लोळतीय, वळून वळून पोटाकडं बघतीय, घामानं ओली झालीय. १९६२ नंबरवर जनावरांची फिरती गाडी दिवसा येते, रात्रीचं काय? नशीब, पशुसखीकडं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर होता. त्यांनी फोनवर पहिलं विचारलं, काय खाऊ घातलं? आम्ही सांगितलं. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, समोरचं सगळं खाणं उचला. उठत असेल तर हळूहळू चालवा, लोळू देऊ नका, पण अंगावर येत असेल तर तुम्ही जवळ जाऊ नका. त्या थंडीत तिघी बायका कंदील आणि मोबाईलच्या उजेडात पहाटेपर्यंत घोडीला फिरवत होत्या. मी घरी होते, गाडी नव्हती. ती रात्र मला कायम आठवणार आहे.

सकाळी डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, औषध दिलं, घोडी वाचली. मग ओसरीवर बसून त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते मी दोन वर्षांच्या शिक्षणात ऐकलं नव्हतं. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटाला चार कप्पे असतात. घोड्याचं पोट एकच आणि अंगाच्या मानानं लहान. त्याला ओकता येत नाही. आत फुगलेलं, सडलेलं बाहेर पडायला वाट नाही, म्हणून घोड्याचा पोटशूळ जीव घेतो. दुसरी गोष्ट उपासाची. महिनोन्महिने उपाशी राहिलेलं शरीर स्वतःची चरबी आणि मांस खाऊन जगत असतं. त्याला एकदम धान्य-गूळ मिळालं की रक्तातले क्षार झपाट्यानं पेशींत ओढले जातात आणि हृदय, श्वास बंद पडू शकतो. लगेच होईल असं नाही, तीन-चार दिवसांनीही होतं. म्हणजे आपण म्हणतो, "खात होती की हो, कशी काय गेली?" ती खाल्ल्यानंच गेलेली असते.

मग द्यायचं काय? चांगला लसूणघास. दर चार तासांनी अर्धा किलो. रात्रीसुद्धा. पहिले तीन दिवस एवढंच, चौथ्या दिवसापासून हळूहळू वाढवायचं, दहा दिवसांनंतर पोटभर. धान्य, पेंड, गूळ काही नाही. पाणी मात्र सारखं समोर, स्वच्छ. आणि मिठाचा खडा.

दिवसातून सहा वेळा! घरात एक म्हातारी. बघा, इथं गट कामाला आला. कुठलीही एक बाई एवढं करू शकली नसती. गटात अकरा जणी. सचिवताईंनी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले, वेळ, वजन, कोणी दिलं, शेण टाकलं का, पाणी किती प्यायली. रात्री दोनची पाळी शेजारच्या दोघींनी घेतली. घास एका अक्काच्या विहिरीवरचा, फुकट. औषधं आणि नालबंद यांना मिळून दोन हजारांच्या आत खर्च आला. तो गटाच्या बचतीतून घेतला नाही, ज्यांना द्यायचे त्यांनी दिले. कारण दोघी म्हणाल्या होत्या, "आमच्या लेकरांना दूध नाही आन् घोडीला घास कशाचा?" त्यांचं बोलणं मला चुकीचं वाटलं नाही आणि त्यांना कोणी बोल लावला नाही. त्यातलीच एक पाचव्या दिवसापासून पहाटे सहाची पाळी करायला लागली. का, ते मी विचारलं नाही.

गावातून सल्ले भरपूर आले. जखमेवर इंजिन ऑइल ओता. लंगड्या पायाला डाग द्या. डॉक्टरांनी दोन्हीला हात जोडले. तेलानं जखम भाजते, डागानं एक दुखणं होतं त्याची दोन होतात. त्यांनी दावं कापून काढलं, किडे काढले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, खिळा लागला तरी इंजेक्शन चुकवायचं नाही. जंताचं औषध अंगात जरा ताकद आल्यावर. आणि रक्ताचा नमुना ग्लँडर्ससाठी पाठवला. हा घोडा-गाढवांचा रोग आहे, माणसालाही होतो, आणि निघाला तर जनावर मारावंच लागतं. निकाल येईपर्यंत घोडीची बादली वेगळी, हात साबणानं धुवायचे, नाकातून वाहणारं कोणी उघड्या हातानं पुसायचं नाही. ते दिवस आम्ही सगळ्या जीव मुठीत धरून होतो. निकाल चांगला आला.

लंगडण्याचं कारण काय निघालं? खूर. वाढलेले खूर. घोड्याचे खूर नखासारखे वाढत राहतात, दीड-दोन महिन्यांनी तासावे लागतात. घोडी विकणाऱ्यानं हे सांगितलं नाही आणि घेणाऱ्याला माहीत नव्हतं. नालबंद शोधायला आम्हाला आठ दिवस लागले. पूर्वी प्रत्येक बाजारात असायचे. आता घोडेच राहिले नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत सगळ्या देशात घोडे आणि तट्टं मिळून साडेतीन लाखांच्या आत भरली, सात वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. घोडे गेले तसे नालबंद गेले, खरारा करणारे गेले, घोड्याची नाडी कळणारी म्हातारी माणसं गेली. उरल्यात त्या लग्नातल्या घोड्या. त्यांना सजवणारे पुष्कळ आहेत.

आपल्याकडं घोड्याला मान नाही असं कोण म्हणेल? खंडोबाचं वाहन आहे. माळेगावला आपण त्याला भंडारा लावतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात घोडे सांभाळायची परंपरा आहे, दसऱ्याच्या हल्ला-महल्ल्यात ते निघतात तेव्हा रस्त्यावर लोक पाया पडतात. आणि तीच माणसं आपण, परण्यात घोडी डीजेच्या भिंतीसमोर तीन तास उभी करतो आणि तिला पाणी दाखवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

पुढच्या महिन्यात माळेगावची जत्रा आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी घोडी, तट्टू, गाढव घ्यायचं चाललं असेल तर एक करा, तुम्ही स्वतः बरोबर जा. पैसे तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या नावावर आणि जनावर पसंत करताना तुम्ही घरी भाकरी थापत, असं करू नका. घोडी मऊ मातीत बघू नका, डांबरी रस्त्यावर चालवून बघा, तिथं लंगडणं लपत नाही. चारी पाय उचलायला लावा. खोगीर काढून पाठ बघा. ग्लँडर्सची तपासणी झालीय का विचारा, कागद मागा. वर्षाचा चारा, नालबंद, डॉक्टर यांचा हिशोब कर्ज मागतानाच लिहा. आम्हीही चुकलो होतो. पस्तीस हजार मंजूर करताना चारा कुठून येणार हे कोणी विचारलं नव्हतं, त्या कागदावर माझीही सही आहे.

ताई आणि त्यांचे मालक पाडव्याला परत आले. घोडी त्यांना बघून खिंकाळली. ताई तिच्याजवळ गेल्या नाहीत, आधी गटाच्या वहीतलं ते पान मागितलं. वाचता येत नाही त्यांना फारसं. सचिवताईंनी दोन वेळा वाचून दाखवलं, कोणी किती वाजता काय घातलं ते. हप्ते गटानं वाढवून दिले. दोन आलेत, बाकीचे येतायत.

घोडीमुळं त्यांची ऊसतोड सुटली असं तुम्हाला सांगायला मला फार आवडलं असतं. नाही सुटली. मालक पूर्वीसारखे तासन् तास परण्यात तिला उभं करत नाहीत. डॉक्टरांनी जडपणा नको म्हणून सांगितलंय, भाडं कमी येतं. या दिवाळीनंतर दोघं पुन्हा गेले. पण जायच्या आधी ताई बैठकीला आल्या. उचलीतून कडबा घेतला होता, त्याची कुट्टी करून ठेवलेली. पाण्याला चुलत दिराचा पोरगा लावला, त्याचे महिन्याचे पैसे सचिवताईंकडं ठेवले. नालबंद कोणत्या तारखांना येणार ते सांगितलं आणि म्हणाल्या, हे सगळं तुमच्या त्या मागच्या पानावर लिहा.

परवा मी त्या गावाला गेले होते. सासूबाई ओसरीवरच होत्या. घोडी बाभळीखाली नव्हती, पत्र्याच्या सावलीत बांधली होती, मागचा पाय मोकळा. जवळ गेले तर तिनं माझ्या पिशवीत तोंड घातलं आणि काही मिळालं नाही म्हणून पावतीपुस्तकाचा कोपरा खाल्ला. त्यामुळं त्या गटाच्या या महिन्याच्या दोन पावत्यांचा नंबर दिसत नाही. हिशोबनीस ताई, तेवढं सांभाळून घ्या.