पुलाचा स्लॅब आणि त्यावर चालणारे यंत्र

पुलाच्या स्लॅबचे काँक्रीट कोणत्या यंत्राने अंथरावे, हा प्रश्न वरकरणी खरेदीचा किंवा भाड्याचा वाटत असला, तरी त्याचे उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात नसून पुलाच्या नकाशात असते, आणि बीड जिल्ह्यातील पूल त्याची पुरेशी साक्ष देतात. काँक्रीट महामार्गांमुळे स्लिपफॉर्म पेव्हर, म्हणजे काँक्रीट साच्यात दाबून, त्याला कंपन देऊन मागे तयार पट्टा सोडत जाणारे यंत्र, आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे; त्यामुळे तेच पुलावर चढवावे असा आग्रह अधूनमधून धरला जातो. रस्त्यावर या यंत्राच्या साखळीपट्ट्यांना दोन्ही बाजूंना दाबलेला भराव मिळतो. पुलावर मात्र त्या जागी झेपावलेला कडेचा स्लॅब असतो किंवा मोकळी हवा, आणि बांधलेल्या सळईवरून इतके जड यंत्र चालवता येत नाही.

यासाठीच ट्रस फिनिशर वापरला जातो. यात पुलाच्या रुंदीभर लोखंडी कैची आडवी असते, ती दोन्ही कडांच्या रुळांवरून पुढे सरकते आणि तिला टांगलेला फिरता रोलर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ये-जा करीत काँक्रीट सपाट करतो. यंत्र कितीही उत्तम असले तरी त्याचा रूळ जेवढा खरा तेवढाच स्लॅब खरा उतरतो, कारण काँक्रीटचे वजन पडताच गर्डर खाली वाकतो आणि त्यावर टेकलेला रूळही त्याच्याबरोबर उतरतो. तो वाक आधी गणिताने काढून रूळ तेवढा उंच बांधावा लागतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या संहिता क्रमांक 112 मध्ये मध्यम परिस्थितीसाठी सळईवर 40 मि.मी. आवरण सांगितले आहे. रूळ 15 मि.मी.ने चुकला तर 25 मि.मी.च उरते, आणि सळईला गंज चढू लागेपर्यंत ही चूक कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. काँक्रीट येण्याआधी यंत्र स्लॅबभर रिकामे फिरवून ठिकठिकाणी आवरण व जाडी मोजणे, ज्याला कामावर ‘ड्राय रन’ म्हणतात, हा यंत्र वापरण्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे.

बिंदुसरा, सिंदफणा आणि त्यांना मिळणारे ओढे रस्त्याला क्वचितच काटकोनात छेदतात, त्यामुळे येथे तिरकस पूल बांधावे लागतात. अशा पुलावर कैची रस्त्याला काटकोनात ठेवली, तर एका गर्डरवर मध्यभागी ओझे येते तेव्हा दुसऱ्यावर ते अजून टेकूजवळच असते, गर्डर वेगवेगळे वाकतात आणि पृष्ठभाग पिळवटतो. म्हणून तिरकसपणा मोठा असेल तेथे कैची त्याच कोनात लावता येणारे यंत्रच घ्यावे लागते. मांजरसुंब्याच्या घाटासारख्या वळणावर दोन्ही कडांकडे उतरणारा ढाळ हळूहळू एकाच बाजूकडे वळतो, आणि तेथे चालता चालता कैचीचा माथा बदलता येतो का, हीच यंत्राची खरी परीक्षा ठरते. उलट, एखाद्या ओढ्यावरच्या एका गाळ्याच्या सरळ पुलावर नीट बांधलेला रूळ आणि कंपन देणारा साधा स्क्रीड पुरेसा असतो. तेथे मोठे यंत्र आणणे ही केवळ हौस होय.

गेवराई तालुका ओलांडून शहागडजवळ गोदावरी पार करणाऱ्या महामार्गासारख्या ठिकाणी गाळे अनेक असतात, त्यामुळे यंत्राचा खर्च वसूल होतो. पण तेथे गणित काँक्रीटच्या पुरवठ्याशी येऊन थांबते. स्लॅब 12 मीटर रुंद आणि 250 मि.मी. जाड धरला तर दर धावत्या मीटरला 3 घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे 6 घनमीटरचा एक ट्रान्झिट मिक्सर दोनच मीटर भरतो आणि 30 मीटरच्या गाळ्याला असे पंधरा मिक्सर लागतात. प्लँट ताशी 20 घनमीटर देत असेल, तर ताशी 15 मीटर चालू शकणारे यंत्र निम्म्याहून अधिक वेळ उभेच राहते, आणि थांबलेल्या यंत्रापुढचे काँक्रीट उन्हात घट्ट होते.

उन्हाचा प्रश्न या जिल्ह्यात गौण नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपलीकडे जातो, आणि भारतीय मानक 7861 त्या मर्यादेपलीकडील कामाला उष्ण हवामानातील काँक्रीटकाम समजते. कोरडा वारा ताशी दर चौरस मीटरमागे सुमारे एक किलो पाणी उडवू लागला की ओल्या पृष्ठभागावर तडे पडण्याची भीती असते. त्यामुळे रात्री काम करण्याइतका प्रकाश, मागोमाग फवारा मारणारा वेगळा फिरता पूल आणि ओल्या गोणपाटाचा साठा हे यंत्राचेच भाग मानावेत.

दिवाळीनंतरचा थंड, कोरडा काळ काँक्रीटला अनुकूल, पण नेमक्या त्याच काळात बीडचे असंख्य कष्टकरी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात, हे लक्षात घेता यंत्र ‘मजूर वाचवते’ हा नेहमीचा युक्तिवाद येथे निराळाच अर्थ घेतो: मजूर मुळातच नसतात, आणि रूळ बसवणारे चार कुशल हात तरी वेळेवर मिळावेत यासाठी त्यांची मजुरी आधी ठरवावी लागते. निविदेच्या दरपत्रकात रूळ बसवणे, त्याची पातळी तपासणे आणि ड्राय रन यांना स्वतंत्र बाब व स्वतंत्र दर असावा. आज ही कामे ‘काँक्रीटच्या दरात समाविष्ट’ या एका ओळीत दडवली जातात आणि कंत्राटदार पहिली काटकसर तेथेच करतो.