काफिला म्हणजे परतणारे



'काफिला' हा शब्द मी प्रथम ऐकला तो लहानपणी, आजोबा हजला निघाले तेव्हा. त्या काळी मुंबईहून जेद्दाला बोटीनेही जात. ही समुद्रवाट १९९५ पर्यंत चालू होती. निघण्याआधी आजोबांनी सगळी देणी चुकती केली. घरोघर जाऊन, 'काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा', असे ते हात जोडून सांगत होते. परतण्याची खात्री कोणी द्यायची? एसटी हलली आणि कोणीतरी म्हणाले, "काफिला निघाला." माझ्यासाठी तो शब्द निरोपाचा झाला.

पुढे अरबी शब्दकोश चाळताना चकित झालो. 'काफिला'च्या मुळाशी 'कफल' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ, प्रवासाहून परतणे. म्हणजे काफिला म्हणजे परतणारी मंडळी! मग निघणाऱ्यांना हे नाव कसे? जुने कोशकार सांगतात, हा शुभशकुन आहे. मक्केचे व्यापारी हिवाळ्यात येमेनकडे, उन्हाळ्यात शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला जात. वाटेत तहान होती, लुटारू होते. म्हणून निघतानाच परतण्याचे नाव घ्यायचे.

आपल्याला याचे नवल वाटू नये. आपणही उंबरठ्यावर 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. माझ्या तोंडून चुकून 'जातो' निघाले, तर अम्मी मला परत आत बोलावून बसवायची.

काफ, फे, लाम याच तीन अक्षरांचा अरबीत आणखी एक शब्द आहे, 'कुफ्ल'. मराठीत अक्षरांची अदलाबदल होऊन त्याचे 'कुलूप' झाले. घराला कुलूप लावणारा किल्ली बरोबर नेतो, ती परत येऊन उघडण्यासाठीच.

मार्च २०२० मध्ये साऱ्या देशालाच कुलूप लागले. मुंबई-आग्रा महामार्गावर डोक्यावर बोजा, कडेवर पोर घेऊन माणसे चालू लागली. त्यांना आपण 'लोंढे' म्हटले. लोंढा पाण्याचा असतो. त्याला घर नसते. ही माणसे तर घरीच परतत होती. मूळ अर्थाने हाच खरा काफिला. ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातले मजूर थकून करमाडजवळ रुळांवर झोपले होते. मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या. 'येतोय' असा निरोप कोणीतरी घरी धाडला असेलच.

माझे आजोबा परतले, खजूर आणि जमजमचे पाणी घेऊन. शब्दाने शुभ चिंतले होते; पण त्यांना सुखरूप आणले ते वाटेवरच्या माणसांनी. म्हणून पुन्हा कधी अशी चालणारी माणसे दिसली, तर त्यांना लोंढा म्हणू नका. काफिला म्हणा आणि आधी पाणी विचारा.

येतो. नमस्कार.